अडतीस नंबरात वर्लिनच बसणार

१ एप्रिल १९७८, शनिवार

बी-बियाणांच्या दुकानाने जानेवारीत ही डायरी फुकट दिली. तीन महिने तिच्यावर गरम भांडी ठेवली. फुकटची वस्तू वाया घालवू नये, म्हणून आजपासून लिहिणार. हौस म्हणून नाही. शाळेत तिसरीपर्यंत गेले, पुढे गायी सोडायला तयार नव्हत्या.

यंदाचा निश्चय: वर्लिन जिंकणार. नात ट्वायला हिला टोचून बोलायचं नाही. रेस चालू असताना मी मध्ये तोंड घालायचं नाही. कॉफी कमी.

वर्लिन माझा एकुलता. हे मला माहीत आहे, पण डायरीला माहीत नसणार.

दुपारी

ट्वायलाला टोचून बोलले. तिने कॉर्नब्रेडमध्ये साखर घातली होती. साखर घातलेल्या कॉर्नब्रेडबद्दल बोलणं हे टोचून बोलण्यात धरत नाही.

२ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबुवा गर्वावर बोलले. ब्यूला शेजारीण माझ्याकडे बघत होती. तिने आपल्या टोपीकडे बघावं.

बाहेर तिने विचारलंच, यंदा तुमची टीम उतरणार का? म्हटलं, का नाही उतरणार? माझ्या नवऱ्याने, गार्लंडने, त्रेपन्न साली टीम काढली तेव्हापासून एक सीझन चुकला नाही. गार्लंड गेला त्या शनिवारीसुद्धा गाडी उतरली होती. लोक म्हणतात, ॲबशरांची पहिली गाडी चोरट्या दारूची. थापा आहेत. कोंबड्या वाहायची गाडी होती. पहिल्याच रेसला वळणावर मागून पिसं उडाली, पाठचा आंधळा होऊन भिंतीत गेला आणि आम्ही दुसरे आलो. त्यानंतर दुसरे पुष्कळदा आलो. पहिले अजून नाही. दुसरा म्हणजे पहिलाच असतो, फक्त त्याच्यापुढे एक जण असतो.

ब्यूला म्हणाली, वर्लिनच्या डोक्याचं कसं आहे मग? म्हटलं, खांद्यावर आहे.

७ एप्रिल, शुक्रवार

मागच्या सप्टेंबरात वर्लिन तिसऱ्या वळणावर भिंतीला लागला. डोक्याला जरासा मार. शहरातला डॉक्टर म्हणतो, आता गाडी कधीच नाही. कोवळं पोर आहे ते. त्याने आयुष्यात ट्रॅक्टरसुद्धा चालवला नसेल.

वर्लिन बराच सुधारलाय. काल त्याने स्वतः बूट घातले. दोन वेगळे होते, पण दोन्ही चांगले होते.

तरी लगेच पूर्ण रेस नको, हे मलाही कळतं. तोड मी काढली. आमच्या ट्रॅकचा नियम असा, की रेस सुटताना गाडीत जो बसलेला असतो, निकालात नाव त्याचं. मध्येच ड्रायव्हर बदला, भोपळा बसवा, नाव पहिल्याचंच. तेव्हा वर्लिन सुरुवात करेल. कोणी आपटलं, पिवळा झेंडा पडला आणि सगळे हळू झाले, की तो आत येईल. पुढची रेस ट्वायला काढेल. वर्लिन बरा होईपर्यंत तिने फक्त जागा ऊबदार ठेवायची.

होबर्ट हा गार्लंडचा चुलतभाऊ, आमचा मेकॅनिक, आमची अर्धी टीम. तो म्हणाला, वहिनी, बदलाबदलीत गाडी सगळ्यांच्या मागे जाते. म्हटलं, मागे गेली म्हणजे पुढे यायला जागा भरपूर.

ट्वायलाने विचारलं, मीच सुरुवात केली तर काय होईल? मी म्हटलं, दारावर वर्लिन नाव रंगवलंय. एकदा नाव खरवडलं, की पुन्हा रंगवायला कोणी येत नाही. ती उठून झोपायला गेली. मोज्यांच्या मिलमध्ये दिवसभर उभं राहून येते, दमत असेल.

९ एप्रिल, रविवार

कालच्या रेसला अकरावे. अडतीस नंबरची आमची हिरवी गाडी सगळ्यात छान आवाज करत होती. पण कोणीतरी पिटात, म्हणजे आत गाड्या दुरुस्त करतात तिथे, शेंगा खाल्ल्या. टरफलं मी स्वतः पाहिली. शेंगांच्या टरफलांनी चांगल्या चांगल्या गाड्यांची इंजिनं बसली आहेत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या शनिवारपासून सगळ्यांचे खिसे तपासणार.

होबर्ट म्हणतो, शेंगांचं सोड वहिनी, आधी गाडीचा हिरवा रंग बदल, हिरवा अपशकुनी. म्हटलं, गार्लंडला ट्रॅक्टरचा उरलेला रंग मिळाला होता. अपशकुन काय रंगाचा असतो हे उरलेल्या डब्याला विचारून ठरत नाही.

२३ एप्रिल, रविवार

सातवे. शेंगा सापडल्या नाहीत. होबर्टच्या खिशात तळलेल्या बोलोन्या सॉसेजचं सँडविच सापडलं, तेही मागच्या आठवड्यातलं.

ट्वायलाने मागून येऊन आठ गाड्या मागे टाकल्या. लोक उभे राहिले. कोणीतरी ओरडलं, अरे बाई आहे रे ती! मला हसू आलं. त्याच कुंपणाबाहेर मी वीस वर्षं उभी होते. बायका पिटात आल्या की गाडी बिघडते, म्हणून आत सोडत नसत. सँडविचं जाळीतून आत द्यायचे, चपटी करून. माझं काय बिघडलं? कुरकुर केली का? ट्वायलाला निदान आत बसायला मिळतं, तेही गाडीत. माणसाने जे मिळालं त्यात सुख मानावं.

लाउडस्पीकरवाला मात्र शेवटी नीट म्हणाला: सातवा, वर्लिन ॲबशर.

वर्लिनने मला विचारलं, मी होतो का तो? म्हटलं, मग कोण?

२० मे, शनिवार, रेसच्या आधी

वर्लिन शेडमध्ये आला. म्हणाला, आई, तिसरं वळण मला दोनदा दिसतं. म्हटलं, मग जे जवळ असेल ते घे.

हे मी हसत म्हटलं होतं. तो हसला नाही. पूर्वी पोर फार हसायचं.

उद्यापासून त्याला रोज दोन अंडी जास्त.

११ जून, रविवार

काल जे झालं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे लोक वाढवून सांगतील तेव्हा खरं काय ते मला माहीत असेल.

रेस सुटली. थोड्याच वेळात कोणी तरी घसरलं, पिवळा झेंडा पडला. होबर्ट पाटी घेऊन उभा राहिला, वर्लिनने आत यायचं. वर्लिन समोरून गेला. पुन्हा गेला. पुन्हा गेला. होबर्टने पाटी टाकून टोपी हलवली, मी ॲप्रन हलवला. हिरवा झेंडा पडला आणि वर्लिन सगळ्यांबरोबर निघाला. पुढची सगळी रेस तो गरागरा फिरत राहिला. ना कोणाला धक्का, ना कोणाला वाट. ट्वायला हेल्मेट घालून भिंतीशी उभी.

गाडी सगळ्यांत शेवटी आली. वर्लिन बाहेर पडला आणि होबर्टला म्हणाला, बाबा कुठे गेले? त्यांनीच सांगितलं होतं, मी हात करेपर्यंत आत येऊ नकोस.

गार्लंड जाऊन नऊ वर्षं झाली.

ट्वायला माझ्यावर ओरडली. सगळ्या पिटासमोर. आजी, तू मारणार आहेस त्याला, म्हणाली. मी म्हटलं, मावळतीचं ऊन डोळ्यावर येतं, कोणालाही होईल. ती म्हणाली, आभाळ भरलंय आजी.

भरलं होतं. पण भरलेल्या आभाळातूनही ऊन लागतं. शेतात काम केलेल्याला विचारा.

१२ जून, सोमवार

निश्चय: ट्वायलाशी आठवडाभर बोलायचं नाही.

बोलले. पिंटो बीन्समध्ये मीठ कमी होतं.

४ जुलै, मंगळवार

सुट्टी. वर्लिन पोर्चवर बसून फटाके बघत होता. प्रत्येक आवाजाला दचकायचा. ट्वायलाने त्याचे दोन्ही कान हातांनी झाकले आणि तशीच उभी राहिली, फटाके संपेपर्यंत. बाप बसलेला, पोर मागे उभी. तिची आई असती तर तिने केलं असतं. पण ती, पोरगी सहा वर्षांची असताना, सिगारेटची मशीनं विकणाऱ्या माणसाबरोबर फ्लोरिडाला गेली. तिथे म्हणे उन्हाळा बारा महिने असतो. भोगा.

वर्लिन सुधारतोय. आज त्याने मला नावाने हाक मारली. आई नाही म्हणाला, ओटी म्हणाला, गार्लंड म्हणायचा तशी. पण नाव बरोबर होतं.

१३ ऑगस्ट, रविवार

तिसरे! ट्वायलाने, म्हणजे वर्लिनने. आता वर्लिन पहिल्या पिवळ्या झेंड्यालाच आत येतो, कारण ट्वायला कुंपणावर उभी राहून बापाला दोन्ही हातांनी बोलावते. वासराला बोलावतात तशी. माझी तोड उत्तम चालली आहे.

रेसनंतर व्हर्जिनियातला डॉकरी नावाचा माणूस आला. त्याच्या टीमला छप्पर असलेला ट्रक आहे. टोपी काढून मला म्हणाला, तुमची नात फार हुशार चालवते, मॅडम, माझ्याकडे एक गाडी रिकामी आहे. मी म्हटलं, गाडी रिकामी असेल तर तिच्यात बटाटे भरा. तो हसला. ट्वायला हसली नाही.

घरी येताना तिने सगळा रस्ता काचेतून बाहेर बघितलं. बाहेर अंधार होता. अंधारात काय बघायचं असतं?

१६ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

आज सीझनची शेवटची, सगळ्यात मोठी रेस.

नाश्त्याला डुकराच्या कलेजीचं लिव्हरमश तळत होते. ट्वायला मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, आजी, आज मला सुरुवात करू दे. एकदाच. पप्पालाही तेच हवंय.

मी विचारलं, वर्लिन, तुला काय हवंय? वर्लिन म्हणाला, ट्वायलाला बसू दे आई. मला खाली उतरून बसायला आवडतं.

मी म्हटलं, तो थकलाय म्हणून असं बोलतोय. पुढच्या वर्षी बघू. ट्वायला म्हणाली, पुढच्या वर्षी तू असंच म्हणशील. मी म्हटलं, मग तुला उत्तर आधीच ठाऊक आहे, विचारतेस कशाला?

लिव्हरमश करपलं. सगळ्यांनी तसंच खाल्लं. करपलेलं चांगलं लागतं.

१७ सप्टेंबर, रविवार

जिंकलो.

जिंकलो. पंचवीस वर्षांनी. दोनदा लिहिलं गेलं, कॉफी कमी केल्यामुळे असेल.

वर्लिनने सुरुवात केली, झेंड्याला आत आला, ट्वायला बसली. सगळ्यांच्या मागून. ती जे चालवत होती ते मी गार्लंडकडेही पाहिलं नव्हतं. बाहेरच्या बाजूने, भिंतीला रंग घासेल इतक्या जवळून, एकेकाला मागे टाकत. शेवटच्या फेरीला तिसऱ्या वळणावर, जिथे वर्लिन आपटला तिथेच, तिने पहिल्याला मागे टाकलं. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. होबर्ट म्हणतो, चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

लाउडस्पीकरवाला म्हणाला, विजेता, वर्लिन ॲबशर! वर्लिन उलट्या बादलीवर बसला होता. तोही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागला.

त्याला उचलून गाडीच्या टपावर बसवलं. ट्वायला खिडकीतून बाहेर आली. हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले. वर बापाकडे बघितलं, मग ते हेल्मेट त्याच्या हातात दिलं, फोटो बरा दिसावा म्हणून. फार समजूतदार पोर आहे.

मग पेपरवाला आला. नवीन होता, या खोऱ्यातला नव्हता. त्याने वर्लिनला विचारलं, कसं वाटतंय? वर्लिन म्हणाला, मी नव्हतो चालवत, माझी पोरगी होती. ती तिकडे उभी आहे, तिला विचारा.

पेपरवाला लिहायला लागला. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, तसं नको लिहू बाबा. मागच्या वर्षी त्याच्या डोक्याला मार लागलाय. कधी कधी काहीबाही बोलतो.

पेपरवाल्याने ते खोडलं.

ट्वायला तिथेच होती, हातमोजे काढत. एक काढून झाला होता. दुसरा काढायचा राहिला.

असो. जिंकलो. घरचाच विजय आहे. नाव बापाचं काय, पोरीचं काय, आडनाव एकच ना?

२१ सप्टेंबर, गुरुवार

पेपरात फोटो आला. वर्लिन देखणा दिसतो. कोपऱ्यात एक हात आलाय, हातमोजा घातलेला.

ब्यूलाला दाखवला. ती म्हणाली, आणि ट्वायला कुठे आहे? म्हटलं, फोटो लहान आहे.

२४ सप्टेंबर, रविवार

ट्वायला गेली. डॉकरीकडे, व्हर्जिनियाला. मिलमध्ये शुक्रवारीच सांगून आली होती. एक बॅग, आणि हेल्मेट उशीच्या अभ्र्यात बांधून.

मी म्हटलं, एवढ्याशा नियमावरून घर सोडतात का? ती म्हणाली, नियमाचं मला काही वाटलं नाही, आजी. नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. पण पेपरवाल्याला तू जे पप्पाबद्दल सांगितलंस. वर्षभर तू कोणालाही कबूल केलं नाहीस. डॉक्टरला नाही, मला नाही. त्याच्या भल्यासाठी नाही केलंस. आणि त्या दिवशी...

वाक्य अर्धं सोडलं. तिच्या आईचीच सवय.

वर्लिनने तिच्या गाडीची काच पुसून दिली. आतून, बाहेरून. ती गेल्यावर फडकं हातात घेऊन बराच वेळ उभा होता.

महिनाभरात परत येईल. बिस्किटं कोण करून देणार तिला तिथे?

१४ ऑक्टोबर, शनिवार

ट्रॉफी दारातून दिसेल अशी ठेवली आहे. आल्यागेल्याला दिसते. आलं-गेलं कोणी नाही, पण आलं तर दिसेल.

वर्लिन रोज तिच्यासमोर उभा राहतो. आज म्हणाला, कोणाची आहे ही? म्हटलं, तुझी. तू जिंकलास. म्हणाला, नाही आई. म्हटलं, अरे, पेपरात फोटो आहे तुझा. त्याने फोटो नीट बघितला. मग मला समजावल्यासारखं हळू म्हणाला, बाकी मी विसरतो, ते मला कळतं. पण जिंकलो असतो तर ते आठवलं असतं.

मी भांडी घासायला गेले. ती आधीच घासलेली होती. पुन्हा घासली.

११ नोव्हेंबर, शनिवार

ट्वायला आली नाही. कामात असेल.

पुढच्या वर्षीची तयारी लवकर सुरू करायची असं ठरवलं. होबर्टला म्हटलं, वर्लिन आता बराच सुधारलाय, पुढच्या सीझनला तो पूर्ण रेस चालवेल. सीट त्याच्या मापाने नीट बसव.

होबर्ट हातातला पाना पुसत राहिला. म्हटलं, तोंड उघड. म्हणाला, वहिनी, ती सीट एप्रिलपासून ट्वायलाच्या मापाची आहे. स्टिअरिंगला लावून ठोकलेली. वर्लिननेच सांगितलं होतं, बदलताना पोरीचा वेळ जायला नको म्हणून. तो एवढा उंच माणूस, गुडघे हनुवटीला लावून बसायचा.

म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. होबर्ट म्हणाला, तू म्हणाली असतीस, सीट वर्लिनची आहे.

घरी येऊन वर्लिनला विचारलं. त्याला आठवेना. पँट वर करून बघितली. दोन्ही गुडघ्यांवर काळपट डाग अजून आहेत. वयाने पडतात असे. सेहेचाळिसाव्या वर्षी पडतात की नाही ते ब्यूलाला विचारायला हवं. नको.

होबर्टला सांगितलं, सीट राहू दे तशीच.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

चौघांची टर्की केली. चुकून.

बिस्किटांचं पीठ मळत होते तेव्हाच सगळं मनात नीट लावून ठेवलं होतं. फोन करायचा आणि सांगायचं: सीट हलवली नाही. होबर्ट म्हणतो, इंजिन चांगलं आहे. सुरुवातीपासून तूच बस, शेवटपर्यंत तूच बस. दारावरचं नाव मी स्वतः खरवडते, मला ब्रश धरता येतो. एवढंच. माफी वगैरे काही नाही, मला तसलं जमत नाही आणि तिला आवडत नाही.

जेवण झाल्यावर वर्लिन झोपला. डॉकरीकडे फोन लावला. तिनेच उचलला. मागे माणसं हसत होती, ताटं वाजत होती. हॅलो म्हणाली. आवाज बारीक झालाय. किंवा दूरच्या फोनवर तसा येत असेल.

सगळं पाठ होतं, आणि मी म्हटलं, पोस्ट ऑफिस का?

मागचं हसणं लांब गेल्यासारखं झालं, म्हणजे तिने दार लोटलं असेल. मग म्हणाली, आज पोस्ट बंद असतं, आजी.

म्हटलं, हो का? मग उद्या करते.

ती म्हणाली, कर.

तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग वर्लिन आतून उठल्यासारखा वाटला, म्हणून मी ठेवला. तो उठला नव्हता.

टर्की अर्धी उरली. होबर्टला बांधून दिली.

उद्या पोस्टात माझं काही काम नाही.